बकुळाची फाईल माझ्या कपाटात

तुमच्या बाळंतपणाची फाईल आत्ता, या घडीला, कुठं आहे?

विचारतेय ना, सांगा. गादीखाली? पोराच्या जन्मदाखल्याच्या पिशवीत? की बारशाच्या आधीच रद्दीत गेली? बाप्ये वाचत असतील तर त्यांनाही तेच विचारते, बायकोची फाईल कुठं आहे? माहीत नाही ना. वाटलंच होतं.

मला एका बाईची फाईल कुठं आहे ते बारा वर्षं पक्कं माहीत होतं. माझ्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, लाल नाडीनं बांधलेली. हरवली नव्हती, भिजली नव्हती, उंदरानं कुरतडली नव्हती. मी जपली होती. आणि तिथंच सगळा घोळ आहे.

बाईचं नाव बकुळा. बदलापूरच्या पलीकडच्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली पोर. लग्न होऊन आमच्या गल्लीत, उल्हासनगरला आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. नवरा उन्मेष अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला. माणूस सरळ, पण इतका मुखदुर्बळ की रिक्षावाल्याला सुद्धा "जरा बाजूला घे" म्हणायचं धाडस नाही. बोलायचं खातं बकुळाकडं. ती उल्हासनगरातच, कॅम्प दोनमध्ये, लाजवंतीआंटीच्या पापडाच्या कारखान्यात जायची. कारखाना म्हणजे काय, तर दुकानाच्या मागची लांबट खोली, दहा-बारा बाया, तेवढीच पोळपाट-लाटणी, आणि पंखा बंद. वारा लागला की पीठ सुकतं, पापडाच्या कडा तडकतात. मे महिन्यातसुद्धा पंखा बंद. बकुळा लाटता लाटता मधेच एक लाटी उचलायची, तेलात बुडवायची आणि तोंडात टाकायची.

"बकुळा, तू पापड बनाती कम है, खाती जास्ती है," आंटी ओरडायची.

"आंटी, चेक करती हूँ. नमक बराबर है की नहीं."

"दिन में बीस बार चेक करती है?"

"क्वालिटी आंटी, क्वालिटी!"

सगळी खोली हसायची. अशी होती बकुळा. उडदाच्या पिठात हात, तोंडात लाटी, आणि जिभेवर उत्तर तयार.

माझं काम तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. रेशनकार्ड, पेन्शन, दवाखान्यातली दादागिरी, कुठं बाईमाणसाला कुणी उभं करत नसेल तर मी जाते. सातवी शिकले. कायदा रद्दीतल्या पेपरांतून आणि कचेरीतल्या शिपायांच्या तोंडून शिकले. लोक मला भिमाबाई म्हणतात, गल्लीतले मावशी. साहेब लोक काय म्हणतात ते छापता येणार नाही.

२०१३ साल. बकुळाला आठवा महिना. चाळीतल्या बायकांनी डोहाळजेवण घातलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं झालं. बांगडीवाली आली हिरवा चुडा भरायला, तर बांगडी पंजावरनं सरकेना. साबण लावला, तेल लावलं, शेवटी मोठ्या मापाच्या आणल्या, त्याही मनगटात रुतल्या. हात सुजून टम्म. पायावर बोट दाबलं तर खड्डा राहायचा.

सासू कौसाबाई म्हणाली, "आगं, मी उन्मेषच्या येळंला अशीच फुगले व्हते. माज्या पायात चप्पल जात नव्हती."

"माझं डोकंपण फुटतंय आई, चार दिवस," बकुळा म्हणाली. "आणि डोळ्यापुढं काजवे चमकतात."

"गोड खा, राहील," मी म्हणाले आणि तिच्या तोंडात पेढा कोंबला. सगळ्या हसल्या. मीही हसले. हे मी नंतर कुठल्याही भाषणात सांगितलं नाही. आज सांगतेय.

ती ज्या नर्सिंग होममध्ये नाव घालून होती तिथं दर महिन्याला जायची. वजन घ्यायचे, पोटावर हात ठेवायचे, गोळ्या द्यायचे. शेवटच्या दोन खेपांना बीपी मोजलाच नव्हता. कार्डावर ती चौकट कोरी होती. डोहाळजेवणानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बकुळाला मोरीत फिट आली. दात आवळलेले, डोळे पांढरे. आम्ही चौघींनी तिला रिक्षात घातलं. मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी १८० वर १२०. नर्सनं सुईसाठी हात धरला आणि तो हिरवा चुडा कात्रीनं फोडून काढला. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता बाळ काढलं नाही तर दोघंही जातील.

दोघी राहिल्या. पोरगी पावणेदोन किलोची, काचेच्या पेटीत तीन आठवडे. नाव ठेवलं राजसी.

आणि मी पेटले. पेटायचंच होतं. बकुळा घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिच्या उशाशी जाऊन म्हणाले, "सगळे कागद दे. ओरिजिनल. त्या नर्सिंग होमवाल्याला मी सोडत नाही."

तिनं प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. "सांभाळा हां मावशी. सरकारी दवाखान्यातल्या छोट्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय, हे कागद टाकू नको म्हणून."

"माझ्याकडं दिलास म्हणजे बँकेत ठेवलास," मी म्हणाले.

मग अर्ज, स्मरणपत्रं, नर्सिंग होमच्या दारात धरणं, सगळं झालं. दोन वर्षं लागली. शेवटी डॉक्टरनं लेखी माफी दिली आणि पुढच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असं, बीपीचं मशीन ठेवलं. येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा बीपी आधी मोजायचा, मग बाकी सगळं, असा बोर्ड लावला. आम्ही त्या दिवशी त्या मशीनला झेंडूचा हार घातला. गुलाल उधळला. फोटो आहे माझ्याकडं. मधे टेबलावर हार घातलेलं मशीन, एका बाजूला मी, मूठ वर, आणि दुसऱ्या बाजूला बकुळा, कडेवर दोन वर्षांची राजसी.

त्या फोटोकडं मी गेल्या महिन्यात नीट बघितलं. मशीनपासून बकुळाचा हात वीतभर लांब आहे. त्या पट्ट्यात तिचा हात कुणी घातला नाही. मीही नाही. आम्ही मशीन जिंकून आणलं आणि जिच्यासाठी आणलं तिलाच मोजायचं विसरलो.

पुढची दहा वर्षं बकुळा माझी वाघीण होती. कुठंही मीटिंग असली, अंबरनाथ, बदलापूर, कुठंही, मी तिला उभी करायची. "ही बघा. मरणाच्या दारातनं परत आली आणि डॉक्टरला नमवलं. हिला काही झालं का? ठणठणीत आहे!" बाया टाळ्या वाजवायच्या. बकुळा हात जोडायची आणि बसायची. तोवर ते अंबरनाथजवळ चिखलोलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले होते. चौथा मजला, लिफ्ट अजून लागायचीच होती. ती अजूनही पापड लाटायला कॅम्प दोनला यायची. हळूहळू मीटिंगमध्ये उभी राहिली की एका हातानं खुर्ची धरायला लागली. मला वाटलं, वय. वय किती, तर छत्तीस.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ती माझ्या दारात आली. उंबऱ्यावरच बसली.

"मावशी, पाणी द्या. दम लागला."

"तुला दम? वाघिणीला?"

"वाघीण म्हातारी झाली," ती म्हणाली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मावशी, माझी ती फाईल आहे ना? बाळंतपणाची. आमच्या तिथं एक डॉक्टर बसतात, त्यांनी बीपी मोजला, जास्त निघाला. दीडशे वर काहीतरी. त्यांनी विचारलं, बाळंतपणात बीपी होता का. होता म्हटलं. तर म्हणाले, आठवड्यानं परत या, जुने कागद घेऊन या, नीट बघू."

आता मी काय केलं तेही लिहिते. मी तिला सांगितलं, "त्या फायलीला हात लावायचा नाही. नर्सिंग होमवाल्या डॉक्टरच्या लायसनची तक्रार अजून वर मेडिकल कौन्सिलकडं पडलीय. ओरिजिनल हललं की केस हलली."

"मग झेरॉक्स द्या."

"देते की. पुढच्या आठवड्यात. आत्ता कचेरीत जायचंय."

"नक्की हां मावशी."

"अगं, बीपी काय, सगळ्यांनाच असतो. मला नाही का? बाळंतपणातलं दुखणं बाळंतपणात संपलं. तू ते जिंकलीस. जिने कमी चढ, लाट्या कमी खा, बस."

ती हसली. "लाट्या सोडल्या तर आंटी मला ओळखणार नाही."

झेरॉक्सचं दुकान माझ्या दारासमोर आहे. रस्ता ओलांडायचा, दोन मिनिटांचं काम. पुढचा आठवडा गेला, त्याच्या पुढचा गेला. तिनं दोनदा फोन केला. एकदा मी मोर्चात होते, एकदा उचलला आणि "बघते गं" म्हणून ठेवला. तिनं तिसऱ्यांदा केला नाही. आणि कागदाशिवाय त्या डॉक्टरकडं परत गेली नाही. नंतर मला म्हणाली, "रिकाम्या हातानं जाऊन काय दाखवणार होते? ते कागद आणायला सांगतात आणि आपण तोंड घेऊन जायचं?" आपल्या बाया अशा असतात. शाळेत वही नसेल तर त्या दिवशी शाळेतच न जाणाऱ्या.

नोव्हेंबरात, सकाळी अकराच्या सुमारास, लाजवंतीआंटीचा फोन आला.

"भिमाबाई, जल्दी आ. तेरी बकुळा को कुछ हो रहा है."

मी धावत गेले. कारखान्यात बकुळा भिंतीला टेकून बसलेली. चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळावर घामाचे थेंब. छातीवर हात नव्हता. हात जबड्यावर होता.

"दाढ दुखतेय," ती म्हणाली. "आणि पाठ. मळमळतंय. पित्त झालं असेल. लिंबू-सरबत द्या कुणीतरी."

एक बाई खरंच लिंबू कापत होती. आंटी तिच्यावर कडाडली, "सरबत मरबत रख! मेरी बहन को भी ऐसे ही हुआ था, सीने में कुछ नहीं था, सिर्फ जबड़ा. हार्ट है ये, हार्ट! ऑटो बुला!"

मी इतकी वर्षं दवाखान्यांशी भांडतेय आणि मला ते ओळखता आलं नाही. पापडवाल्या आंटीला आलं.

दवाखान्यात नेलं. ईसीजी, धावपळ, आत. हार्ट अटॅक. सदतिसाव्या वर्षी. दोन तासांत त्यांनी नळी घालून बंद पडलेली शीर उघडली. उन्मेष कंपनीतून निळ्या युनिफॉर्मवरच आला आणि बाकावर बसून राहिला. डॉक्टर शलाका म्हणून तरुण बाई होत्या, त्या बाहेर आल्या.

"पेशंटचे मिस्टर कोण? यांना आधी काही होतं का? बीपी, शुगर? गरोदरपणात काही त्रास?"

उन्मेष म्हणाला, "नाही... म्हणजे बीपी झाला होता तेव्हा. फिट आली होती. पण डिलिव्हरीनंतर गेला सगळा. नंतर काही नाही."

"कागद आहेत?"

उन्मेषनं माझ्याकडं बघितलं. मघाशी म्हटलं ना, मुखदुर्बळ माणूस. पण असं बघितलं की मला वाटलं, याच्या ऐवजी यानं थोबाडीत मारायला हवी होती.

"आहेत," मी म्हणाले. "माझ्याकडं आहेत. आणते."

घरी आले. कपाट उघडलं. लाल नाडी सोडली. वरती माझे अर्ज, खाली माझी स्मरणपत्रं, मधे तिचे कागद. कोऱ्या चौकटीच्या पानाला मी फ्लोरोसंट पेनानं रंगवलं होतं, त्याच्या बारा झेरॉक्स काढल्या होत्या. सगळ्यात शेवटी सरकारी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. त्याच्या मागच्या बाजूला मी माझ्या पहिल्या अर्जाची पोच डिंकानं चिकटवली होती, हरवू नये म्हणून. पोचेच्या कडेनं निळ्या शाईच्या दोन वेलांट्या बाहेर डोकावत होत्या. पाण्याचं बोट लावून पोच सोडवली. खाली हातानं लिहिलेलं होतं. इंग्रजीत नाही, चांगलं गोल, मराठी अक्षर:

"ताई, गरोदरपणात बीपी इतका वाढलेल्या बाईला पुढे बीपीचा आणि हृदयाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. बाळंतपणानंतर बरं वाटलं तरी दर सहा महिन्यांनी बीपी तपासा, वर्षातून एकदा शुगर आणि कोलेस्टेरॉल. कुठल्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा हे कार्ड आधी दाखवा. जपून ठेवा."

मी हे आधी वाचलं होतं का? वाचलं असणार. मी प्रत्येक कागद वाचते, त्याचीच तर माझी वट आहे. पण त्यात नर्सिंग होमच्या विरोधात काही नव्हतं. म्हणून ते माझ्या कामाचं नव्हतं. म्हणून ती जागा मला रिकामी दिसली आणि मी तिथं डिंक लावला. नर्सिंग होमनं चौकट कोरी ठेवली म्हणून मी दोन वर्षं बोंब मारली. मी तर भरलेली चौकट बुजवली.

डॉक्टर शलाकांनी उभ्या उभ्या वाचलं. मग मला बाकावर बसवून समजावलं.

"मावशी, लोकांना वाटतं बाळ झालं की हा आजार संपला. बीपी उतरतो, बरोबर आहे. पण या बायकांना पुढं बीपीचा, हार्ट अटॅकचा, लकव्याचा धोका बाकीच्या बायकांपेक्षा जवळजवळ दुप्पट असतो. यांना तर फिट आली होती. प्रत्येकीला होतोच असं नाही. पण लक्ष ठेवावं लागतं, आयुष्यभर. वेळेवर गोळ्या, मीठ कमी, चालणं, एवढ्यावर बरंच टळतं."

"महिनाभर आधी हा कागद दाखवला असता तर?"

त्यांनी चष्मा पुसला. "नक्की टळलं असतं असं मी म्हणणार नाही. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, हे मात्र नक्की."

त्यांनी मला सोडलं, पण त्या वाक्यानं सोडलं नाही. अजून सोडलेलं नाही.

बकुळा वाचली. पण हृदयाची ताकद कमी झाली. आता ती बदलापुरात कात्रपला, बहिणीच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते, कारण चौथा मजला तिला चढवत नाही. लाटणं सुटलं. लाजवंतीआंटी दर रविवारी येते, बिनमिठाच्या फिक्क्या शेंगा घेऊन, आणि म्हणते, "खा, टेस्ट मत पूछ." राजसी बारा वर्षांची आहे, आईचा बीपी मोजून वहीत लिहिते. मशीन आंटीनं आणून दिलं.

मी फाईल घेऊन गेले. सगळी भाषणं मला येतात, कलेक्टरसमोर मी अडखळले नाही कधी. तिथं दारात अडखळले. सगळं सांगितलं. पोच, डिंक, निळी शाई. फोन न उचललेला. सगळं.

बकुळानं कार्ड उलटं करून वाचलं.

"मावशी, तुम्हाला वाटतंय मी म्हणेन की राग नाही."

"नाही वाटत."

"आहे राग. तुम्ही मला दहा वर्षं उभी केलीत मीटिंगमध्ये. पाय थरथरायचे माझे. एकदा तरी विचारायचं होतं, बकुळा, बसतेस का?"

मी फाईल खाली ठेवली.

"तुम्ही नसता तर मी तेव्हा त्या रिक्षात पण गेले नसते, हे पण आहे," ती म्हणाली. "दोन्ही आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही."

मग तिनं ते कार्ड राजसीकडं दिलं. "दफ्तरात नाही, माझ्या उशीखाली ठेव." आणि माझ्याकडं वळली. "त्या कपाटात अजून किती जणी आहेत?"

"काय?"

"फायली. बाळंतपणाच्या. तुम्ही प्रत्येकीला ओरिजिनल दे म्हणता. मला माहीत नाही का? किती जणींचे कागद तुमच्याकडं बांधून पडलेत?"

घरी येऊन काढून बघितल्या. एकवीस. त्यातल्या सात जणींचा बीपी वाढलेला होता. तिघींना मी स्वतः जाऊन कागद परत केले. त्यातली द्रौपदी म्हणून एक आहे, उल्हासनगरातच, तिचा बीपी तिथंच मोजला तर १६० वर १००. "मला तर काहीच होत नाही," म्हणाली. तिला हाताला धरून डॉक्टरकडं नेलं आणि तिची फाईल तिच्याच हातात ठेवली. सातातल्या उरलेल्या चौघींनी घरं बदललीत, फोन बदललेत. सापडत नाहीत.

बकुळाला सांगितलं तर म्हणाली, "मग लिहा. माझं नाव घालून लिहा. तुमचंही घाला. लपायचं नाही."

म्हणून लिहिलंय. आता तुमच्याकडं मागणं आहे, आणि मी मागते तेव्हा लोक देतात.

२०११ ते २०१९ मध्ये तुम्ही तुमच्या बाळंतपणाचे कागद उल्हासनगरच्या भिमाबाईकडं दिले असतील, तर या आणि घेऊन जा. पोच लागणार नाही. आणि दिले नसतील, तर हे वाचून झाल्यावर उठा, तुमची फाईल काढा, शेवटचं पान उलटून बघा. बीपी वाढला होता, हातपाय सुजले होते, फिट आली होती, असं काही असेल, तर पोरगं कितीही मोठं झालेलं असू दे, या आठवड्यात कुठंही जाऊन बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरनं विचारायच्या आधी तुम्हीच त्याला हे सांगा. कागद मिळाला नाही तरी जा. रिकाम्या हातानं जा, पण जा.